पीटवर पाणी परत आणलं की मिथेन वाढतं, मग हा खटाटोप कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "कोकणात एमएस्सी अ‍ॅग्री केलंय, सॉइल सायन्स, थीसिस भातातल्या मिथेनवर होता. आता उत्तर जर्मनीत पीएचडीची संधी आहे. निचरा करून वर्षानुवर्षं शेती केलेली पीट जमीन (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) पुन्हा ओली केलीय, तिच्यावर पाणकणीस लावलंय आणि तिथलं उत्सर्जन मोजायचंय. पण आपल्याकडे शिकवतात की खाचरातलं पाणी मधूनमधून काढा, मिथेन कमी होईल. आणि हे लोक उलटं पाणी भरतायत! मग बरोबर कोण? आणि अशा जागी रिसर्च करताना नेमकं बघायचं काय?"

दोघंही बरोबर आहेत. फरक पाण्यात नाहीये, पाण्याखाली काय आहे त्यात आहे.

कोकणातल्या भाताच्या खाचरात खाली काय, तर जांभ्याची लाल माती, सेंद्रिय कर्ब एक-दोन टक्के. पाणी काढलंस तर मातीत हवा शिरते, मिथेन बनवणाऱ्या जंतूंची पंचाईत होते, मिथेन जवळपास निम्म्यावर येतं, आणि त्या बदल्यात गमवायला मातीत फारसा कर्ब नसतोच. पीटच्या जमिनीत मात्र वरपासून खालपर्यंत सगळा कर्बच. हजारो वर्षांच्या वनस्पती, अर्धवट कुजलेल्या, एकावर एक बसलेल्या. वर्षाला साधारण १ मिलिमीटर थर वाढतो, म्हणजे तीन मीटर पीट म्हणजे तीनेक हजार वर्षांची कमाई समज. आणि हे सगळं टिकलं का, तर पाण्यामुळे. लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर असतो तोवर लोणचं वर्षभर राहतं, तेल कमी पडून फोडी उघड्या पडल्या की बुरशी आलीच, पीटमध्ये त्या तेलाचं काम पाणी करतं. चर खणून, पंप लावून ते पाणी काढलं की हवा आत जाते आणि तीन हजार वर्षांचा माल कुजायला लागतो, कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, शिवाय नायट्रस ऑक्साइड वेगळा.

आपल्याला कॉलेजात सगळं शिक्षण निचऱ्याचं मिळतं ना, म्हणून हे पचायला वेळ लागतो. सांगली-कोल्हापूरकडच्या चिबड जमिनी आठव, तिथे पाइप टाकून पाणी काढणं म्हणजे पुण्याचं काम. वाफसा आला की शेतकरी खूश. पीटवर वाफसा आला याचा अर्थ जमीन कुजायला लागली. हे डोक्यात एकदा पक्कं बसलं की बाकीचं आपोआप लागत जातं.

कुजते म्हणजे किती, ते डोळ्यांनी बघायचं असेल तर इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरला होल्म फेन म्हणून जागा आहे. तिथे १८५० च्या सुमारास मोठं तळं उपसून शेती सुरू केली तेव्हा एक लोखंडी खांब पीटमध्ये गाडला होता, टोक बरोबर जमिनीच्या पातळीला ठेवून. आज तो खांब जवळपास चार मीटर उघडा उभा आहे. सगळंच काही हवेत उडून गेलं नाही, सुरुवातीचा बराचसा भाग नुसता दबून बसण्याचा होता, पाणी गेलं की पीट स्पंजसारखा बसतो, पण नंतरचं जे हळूहळू चालू राहिलं त्यात कुजण्याचा वाटा मोठा. हॉलंडमधल्या पीटच्या कुरणांवर आजही वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास जमीन खचते. जमीन खचली की पाणी परत वर दिसतं, मग चर अजून खोल करा, मग अजून खचते. हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

जगाच्या जमिनीपैकी पीट सुमारे ३ टक्के, पण त्यातला कर्ब जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातल्या कर्बापेक्षा जास्त. जर्मनीत अशी जमीन अठरा लाख हेक्टरच्या वर आहे आणि ९० टक्क्यांहून जास्त निचरा केलेली, त्यातून देशाच्या एकूण उत्सर्जनातलं सुमारे ७ टक्के येतं. तू जिथे जाणार त्या भागात, म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीत, १९६०-७० च्या दशकात सरकारनं मोठमोठे पंप बसवून नदीकाठच्या दलदली कोरड्या केल्या, दुधाचं आणि चाऱ्याचं उत्पादन वाढवायला. ते पंप काही ठिकाणी अजून चालू आहेत, वीज खातायत.

आता मिथेनचं. तू मिथेनवर थीसिस केलायस त्यामुळे तुझी नजर पहिली तिकडेच जाणार, पण आधी हिशेब करून बघ. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरचा संयुक्त राष्ट्रांचा गट) २०१३ च्या वेटलँड, म्हणजे पाणथळ जमिनींवरच्या, पुरवणीतले आकडे घे, समशीतोष्ण हवामान, पोषक पीट, खोल निचरा, गवताची जमीन. कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हेक्टरी वर्षाला ६.१ टन कर्ब जातो, त्याचा वायू किती ते काढायला ४४ भागिले १२ नं गुण, २२ टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड झाला. नायट्रस ऑक्साइड ८.२ किलो नायट्रोजन, म्हणजे १३ किलोच्या आसपास वायू, गुणिले २७३ (तो कार्बन डायऑक्साइडच्या एवढेपट तापवतो), कार्बन डायऑक्साइडच्या मापात तो साडेतीन टन. पाण्यात विरघळून वाहून जाणारा कर्ब धरला तर अजून एक टन. झाले सुमारे २७ टन. तीच जमीन पुन्हा ओली केली तर कार्बन डायऑक्साइडचा ०.५ टन कर्ब, म्हणजे पावणेदोन-दोन टन, मिथेन २१६ किलो कर्ब म्हणजे २८८ किलो वायू, गुणिले २७, पावणेआठ टन, विरघळलेला कर्ब धरून सगळं मिळून साडेदहाच्या आसपास. म्हणजे मिथेन वाढलं, चांगलंच वाढलं, तरी एकूण २७ वरून साडेदहावर आलं.

हे सरासरी आकडे आहेत हे विसरू नको. त्या २१६ च्या मागचा पल्ला शून्यापासून साडेआठशेपर्यंत आहे. तुझी पीएचडी त्या पल्ल्यात आहे, सरासरीत नाही.

दुसरी गोष्ट, मिथेन हवेत दहा-बारा वर्षांत विरतं, कार्बन डायऑक्साइड साठत जातो. त्यामुळे आज पाणी भरलं तर सुरुवातीला मिथेनचा धक्का बसतो पण तो एका पातळीवर थांबतो, आणि पाणी न भरता ठेवलं तर कार्बन डायऑक्साइडचा ढीग दर वर्षी वाढतच जातो. ग्युंथर आणि सहकाऱ्यांचा २०२० चा नेचर कम्युनिकेशन्समधला पेपर नेमका यावर आहे, वेगवेगळ्या वेळी पाणी भरलं तर तापमानावर काय फरक पडेल याचं मॉडेल केलंय, आणि निष्कर्ष सरळ आहे, मिथेन धरूनसुद्धा लवकर पाणी भरलेलं बरं. इंटरव्ह्यूला जायच्या आधी तो वाच, विचारतातच.

पण याचा अर्थ कसंही पाणी भरा असा नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर. पाण्याची पातळी नेमकी कुठे आहे, यावर जवळजवळ सगळं ठरतं. इव्हान्स वगैरे मंडळींचा २०२१ चा नेचरमधला पेपर आहे, ब्रिटन-आयर्लंडमध्ये शेतात उभारलेल्या वायू मोजणाऱ्या टॉवरच्या आकड्यांवरून, त्यात असं निघालं की वर्षाची सरासरी पातळी दर १० सेंटिमीटर वर आणली की हेक्टरी वर्षाला किमान ३ टन सीओटू-समतुल्य (सगळे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात) वाचतं, पाणी पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवर येईपर्यंत, आणि त्यापुढेही साधारण १० सेंटिमीटरपर्यंत फायदा चालू राहतो. मग शेवटच्या दहाएक सेंटिमीटरमध्ये मिथेन डोकं वर काढतं. म्हणजे शेतकऱ्यानं पूर्ण दलदल केली नाही आणि चरातलं पाणी नुसतं अर्धा फूट वर ठेवलं तरी फायदा मिळतो. आणि दुसऱ्या टोकाला, जमिनीवर कायम फूट-दोन फूट पाणी उभं केलं तर ते शेतही नाही आणि दलदलही नाही, उथळ सडकं तळं होतं.

याचं उदाहरण तुला तिथून जवळच मिळेल. पेने नदीच्या खोऱ्यात त्सार्नेको नावाचा पोल्डर आहे, म्हणजे बांध घालून पंपानं कोरडा ठेवलेला भाग. २००४-०५ च्या हिवाळ्यात तिथे पाणी परत आलं आणि जमीन एवढी खचलेली होती की वर उथळ तळंच झालं. खाली वर्षानुवर्षं खत खाल्लेला पीट, वर बुडून मेलेलं कुरणाचं गवत, ते सडून तळाशी काळा गाळ झाला आणि त्या गाळातून पहिली काही वर्षं प्रचंड मिथेन निघालं. पुढे पाणकणीस वगैरे पसरत गेलं तसं ते उतरत गेलं. त्या जागेवरचे दहा-पंधरा वर्षांचे पेपर ओळीनं वाच, एकाच वर्षाच्या आकड्यावर बोलणाऱ्यांचं काय होतं ते समजेल. पहिल्या दोन वर्षांत मोजून "पाणी भरल्याने उत्सर्जन वाढलं" असं छापणारे बरेच आहेत, चुकीचं मोजलं नसतं त्यांनी, पण नवरा-नवरीच्या वरातीवरून संसार कसा होणार ते सांगण्यातला प्रकार आहे.

धक्का कमी करायचे उपाय आहेत. पाणी भरायच्या आधी उभं गवत कापून बाहेर नेणं, हा सगळ्यात साधा. वरची २०-३० सेंटिमीटर कुजकी, खताळलेली माती काढून टाकली तर मिथेन आणि फॉस्फरस दोन्ही खूपच कमी होतात, पण ती माती नेऊन टाकायची कुठे, आणि तिच्यातला कर्ब तिथे जाऊन कुजला तर तो हिशेबात कोण धरणार? यावर भांडायला भरपूर वाव आहे. माती काढून तिचेच बांध घालतात बऱ्याचदा, आणि मग बांधाचं उत्सर्जन कोणीच मोजत नाही. तुला एखादं छोटं पण स्वतःचं चॅप्टर हवं असेल तर हे घे.

आता मोजण्याकडे येते गाडी. दोन रस्ते आहेत, चेंबर आणि टॉवर.

चेंबर, म्हणजे जमिनीवर घट्ट बसवून आत जमणारा वायू मोजायचा डबा, तू भातात वापरलेच असशील. इथे जर्मन लोक मोठे वापरतात, ७८ बाय ७८ सेंटिमीटरचे, एक पारदर्शक आणि एक अपारदर्शक, आत पंखा, उन्हात आतलं तापमान चढू नये म्हणून बर्फाच्या पिशव्या. पूर्वी सिरिंजनं नमुना काढून बाटल्या भरून गॅस क्रोमॅटोग्राफला न्यायचो, आता लायकोर कंपनीचा ७८१० सारखा अ‍ॅनालायझर पाठीवर घेऊन जातात, सेकंदाला एक आकडा स्क्रीनवर दिसतो. सोय झाली, पण एक नवी खोडही लागली. रेषा सरळ आली नाही की लोक ते मोजमाप टाकून देतात, आर-स्क्वेअर (बिंदू सरळ रेषेला किती चिकटून आहेत त्याचं माप) कमी म्हणून. अगं, उत्सर्जन शून्याच्या जवळ असेल तर आर-स्क्वेअर कमीच येणार, ते टाकलंस तर तुझी सरासरी फुगली. आणि मध्येच पायरीसारखी उडी आली तर तो तळातून आलेला बुडबुडा असतो, तोही टाकला तर सरासरी खाली आली. बुडबुडा तुझ्या पायामुळे आला की आपला आपण आला, एवढं मात्र कळायला हवं, म्हणून चेंबरपर्यंत फळ्यांची वाट बांधायची, ती खांबांवर, पीटवर टेकलेली नाही. फळी टेकलेली असली की पाऊल ठेवलं रे ठेवलं की चेंबरच्या आत बुडबुड. अ‍ॅनालायझरच्या स्क्रीनवर दोन हजार पीपीबीची (हवेच्या अब्ज भागांत मिथेनचे भाग) रेष एकदम दहा हजारावर जाते आणि मागून येणारा विद्यार्थी म्हणतो सर हॉटस्पॉट सापडला.

पाणकणसाची तर वेगळीच तऱ्हा. आपल्याकडे कुठल्याही सांडपाण्याच्या ओढ्यात उगवतं तेच हे, रामबाण म्हणतात काही भागात. भाताच्या रोपातून मिथेन कसं वर येतं ते तुला माहितीच आहे, नुसतं पसरत पसरत. पाणकणीस त्याच्या पुढचं. सूर्य वर आला, पानं तापली, की कोवळ्या पानांत दाब तयार होतो, हवा खाली मुळांच्या कंदापर्यंत ढकलली जाते आणि जुन्या, तुटक्या पानांतून बाहेर पडते, येताना मिथेन घेऊन. त्यामुळे सकाळी ऊन चढताना मिथेन जोरात, रात्री मंद. यातून दोन भानगडी होतात. फक्त दुपारी अकरा ते दोनमध्ये मोजून चोवीस तासांनी गुणलंस तर आकडा जास्त येणार. आणि अपारदर्शक चेंबर ठेवलास तर आत अंधार आणि दमटपणा, दाबच बंद, आकडा कमी येणार. पाणकणसावर पारदर्शक चेंबर आणि अधूनमधून पूर्ण चोवीस तासांची फेरी, याला पर्याय नाही. शिवाय जुलैमध्ये ते दोन मीटर वाढतं, तेवढ्या उंचीचे चेंबरचे मजले एकावर एक चढवायचे, वारा सुटलेला असताना, छातीपर्यंतचे रबरी बूट घालून. पानं वाकवून आत कोंबायची नाहीत, तुटतात आणि मग त्यांच्यातून मिथेनची वाट मोकळी होते.

टॉवर म्हणजे एडी कोव्हेरिअन्स. हवेचे झोत सेकंदाला दहा-वीस वेळा मोजायचे आणि त्यावरून पूर्ण शेताचा श्वास काढायचा. डेटा सुंदर दिसतो, अर्ध्या-अर्ध्या तासाचा, पण जागा छोटी असेल तर फसवतो. ईशान्य जर्मनीतल्या मेक्लेनबर्गमध्ये नॉयकालेनला २०१९ मध्ये १० हेक्टरवर पाणकणीस लावलं, युरोपात हे मोठंच मानलं जातं, पण दहा हेक्टर म्हणजे साधारण तीनशे मीटर बाय तीनशे मीटर. ढोबळ नियम असा की मापकाच्या उंचीच्या शंभरपट लांबून हवा येते. म्हणजे पिकाच्या वर दोन मीटरला मापक लावलं तरी वारा फिरला की शेजारच्या कोरड्या कुरणाचं उत्सर्जन तुझ्या खात्यात. वाऱ्याची दिशा बघून डेटा गाळावा लागतो, मग निम्माअधिक डेटा जातो, मग भोकं भरायला मॉडेल. शिवाय पीक वाढतं तसा मापक वर चढवायचा, मिथेनच्या उघड्या मापकाच्या आरशावर दव आणि किडे बसतात ते पुसायचे. मी असतो तर छोट्या जागेला चेंबर मुख्य आणि टॉवर जोडीला, मोठ्या पोल्डरला उलटं.

आणि शेजारी तसाच पीट असलेली, अजून निचरा चालू असलेली जागा त्याच वर्षी मोजत नसाल तर वाचवलं किती हे सांगता येणार नाही. २०१८ सारखा कोरडा उन्हाळा आला तर ओली जागासुद्धा सुकते आणि आकडे बिघडतात, कंट्रोल असेल तरच कळतं की कोरड्या जागेचं त्याहून वाईट झालं होतं.

पाण्याची पातळी मोजणं सोपं वाटतं, पाइप ठोका, आत पातळी नोंदवणारा लॉगर सोडा. पण पीट स्वतःच वरखाली होतो! हिवाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात बसतो, काही सेंटिमीटर सहज. पाइप पीटमध्येच तरंगत असेल तर तो पण सोबत हलतो. म्हणून पाइप खालच्या वाळूत रोवायचा, आणि जमिनीची पातळी वेगळी मोजायची, दोघांतला फरक म्हणजे खरी खोली. वर सांगितलं ना की दहा सेंटिमीटरला तीन टन, मग पाच सेंटिमीटरची चूक म्हणजे दीड टन. लोक महागड्या अ‍ॅनालायझरवर लाखो उडवतात आणि पाइपला दोन तास देत नाहीत.

यानंतर पेपरांमध्ये सगळ्यात जास्त घोळ दिसतो तो कापणीचा. पाणकणीस जोमानं वाढतं, हेक्टरी समज आठ टन सुकं पीक निघालं, त्यात ४५ टक्के कर्ब धरला तर साडेतीन टनांच्या वर कर्ब, सीओटूमध्ये तेरा टन. टॉवरला हे सगळं शोषण म्हणून दिसतं, शेत कसलं मस्त कार्बन खातंय! मग नोव्हेंबरात ट्रॅक्टर येतो आणि ते सगळं बांधाबाहेर नेतो. तो बाहेर गेलेला कर्ब हिशेबात उत्सर्जनाच्या बाजूला धरायचाच. पुढे त्याचं काय झालं, इन्सुलेशनचा बोर्ड होऊन पन्नास वर्षं भिंतीत राहिला की त्याच हिवाळ्यात बॉयलरमध्ये जळला, हा जीवनचक्राचा प्रश्न, तो वेगळ्या चॅप्टरमध्ये.

कापणीवरून आठवलं, पाणकणीस पाण्याच्या पातळीच्या खाली कापलंस तर बुडखे बुडतात, मुळांना हवा जात नाही आणि पुढच्या वर्षी ठिगळं पडतात. उन्हाळ्यात कापलं तर नायट्रोजन-फॉस्फरस जास्त निघून जातो, चारा म्हणून किंवा गॅस प्लांटला चालतं. हिवाळ्यात कापलं तर सुकं आणि हलकं, बांधकामाला बरं. मशीन साधं चालत नाही, बर्फावर चालतात त्या पट्ट्यांच्या गाड्या बदलून वापरतात, नाहीतर जमीन फाडून ठेवतात. हेही उत्सर्जनावर परिणाम करतं, रुतलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचून मिथेनचे खड्डे होतात, तिथे एखादं चेंबर जरूर ठेव.

पाणकणीस सोडून बाकीचे प्रकार लवकर सांगतो. लोअर सॅक्सनीत रास्टेडजवळ हांखाउसनला २०११ पासून स्फॅग्नम शेवाळाची शेती करून बघतायत, ते पोषणद्रव्यं कमी असलेल्या आम्ल पीटवर, रोपवाटिकांच्या मिश्रणात खणून काढलेल्या पीटऐवजी वापरायला. (आपल्या पॉलिहाऊसमधलं कोकोपीट हे नारळाचं, त्याचा पीटशी संबंध नावापुरता, पण भारतातून ते युरोपात जातं ते याच पीटला पर्याय म्हणून.) माल्खिन गावात २०१४ पासून ओल्या कुरणाच्या गवतावर चालणारं ८०० किलोवॅटचं हीटिंग प्लांट आहे, गावातल्या काही शे घरांना गरम पाणी देतं. आणि ओल्या कुरणांवर चक्क म्हशी! जर्मन गाय जिथे रुतते तिथे म्हैस आरामात चरते, लोक कौतुकानं फोटो काढतात आणि आपल्याला हसू येतं. फक्त म्हशीच्या पोटातलं मिथेनही खात्यात धर.

गॅस मोजून झाल्यावर शेतकरी एकच विचारतो, विकणार कुणाला? दुधाचं गणित बसलेलं आहे, डेअरी आहे, कर्जावर घेतलेला गोठा आहे. पाणकणसाचे बोर्ड चांगले होतात, इंग्लंडात एक कंपनी त्याच्या तुऱ्याचा जॅकेटमध्ये भरायला वापर करते, पण कारखाना म्हणतो आधी दर वर्षी हमखास माल द्या, शेतकरी म्हणतो आधी कारखाना दाखवा. कायद्याच्या बाजूनं रस्ता जरा मोकळा झालाय, २०२३ पासूनच्या युरोपीय शेती धोरणात अशा ओल्या पिकांनाही अनुदान मिळू शकतं, आणि २०२४ च्या निसर्ग पुनर्स्थापना कायद्यात निचरा केलेल्या शेती-पीटपैकी ३० टक्क्यांवर २०३० पर्यंत उपाय करायचं लक्ष्य आहे, त्यातल्या किमान चौथ्या हिश्शाला पाणी द्यायचंय. पण कोणत्याही एका शेतकऱ्यावर सक्ती नाही. शिवाय पाणी एकट्याच्या शेतात थांबत नाही, एकानं चर अडवला की शेजाऱ्याचं तळघर ओलं. पूर्ण पोल्डर एकत्र आला तरच होतं, आणि आपल्याकडे पाणीवाटप संस्थेची मीटिंग पाहिली असशील तर तुला कल्पना येईल.

ही सगळी गणितं कोकणातल्या खार जमिनींना किंवा गोव्याच्या खाजनांना लावू नकोस, ते पीट नाही, आणि खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे मिथेन तसंही दबतं. भारतात पीएचडीनंतर काही करायचं मनात असेल तर केरळात कुट्टनाडला बघ. समुद्रसपाटीच्या खाली भात, आणि तिथल्या करी जमिनी सेंद्रिय तर आहेतच, वर आम्ल-सल्फेटच्या. पाणी काढलं तर कर्ब कुजतो आणि पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) उघडं पडून आम्ल तयार होतं, पाणी ठेवलं तर भाताचं मिथेन. तुझा जुना विषय आणि नवा विषय तिथे एकाच बांधावर भेटतात.

ऑफर घ्यायच्या आधी सुपरवायजरला चार-पाच गोष्टी सरळ विचार. पाण्याची फळी, म्हणजे चर अडवून पातळी ठरवणारी, कोणाच्या ताब्यात आहे, प्रोजेक्टच्या की शेतकरी संघाच्या? उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर आणायचं कुठून? पाणी भरायच्या आधीचं किमान एक वर्ष मोजलंय का? निचऱ्याची कंट्रोल जागा आहे का? फंडिंग तीन वर्षांचं असेल तर चौथ्या वर्षाचा डेटा कोण गोळा करणार? पहिल्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर जपून राहा, ज्याच्या हातात फळी नाही त्याच्या हातात प्रयोग नाही. आणि आर ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा शिकून जा, पायथन चालतं पण चेंबरची सगळी जुनी स्क्रिप्टं आरमध्येच सापडतील.

अजून एक, हे कोणी आधी सांगत नाही. फील्डवर जायला गाडी लागते, बस तिथवर जात नाही, आणि भारतीय लायसन्स तिथे सहा महिनेच चालतं, नंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा नव्यानं. त्याला महिने जातात आणि पैसेही बरेच. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घाल, म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये पाणकणसाला कोंब येतील तेव्हा तुला कुणाच्या मागे लिफ्टसाठी फिरावं लागणार नाही. गोचिडीपासून होणाऱ्या मेंदूज्वराची लसही त्याच हिवाळ्यात घेऊन टाक. सुपरवायजरचं फळीबद्दल काय उत्तर आलं ते कळव, मग चेंबरच्या मांडणीचं बोलू.